कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी असेंबल करायचाय. कोणत्या पार्टवर खर्च करावा आणि कुठे हात आखडावा?

तुमची यादी वाचली: कोअर आय७, लिक्विड कूलर, आरजीबी पंख्यांचं काचेचं कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्डापुढे 'उरलेल्या पैशात बसेल ते'. गेमिंगसाठी ही यादी उलटी आहे. बजेटमधले साधारण ३५ ते ४० टक्के आधी कार्डासाठी बाजूला काढा, मग बाकीचं ठरवा.

कार्ड कोणतं, हे मॉनिटर ठरवतो. तुमचा फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. दर फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल. ४के असता तर बरोबर चौपट. त्यामुळे ४केचे रिव्ह्यू बघून महागड्या कार्डांच्या नादी लागू नका, मधल्या फळीतलं भरपूर झालं. व्हीआरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, मात्र ८ जीबीच्या खाली नको. थोडं ताणून १२ किंवा १६ची सोय होत असेल तर जरूर करा, कारण काही नव्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) हायवर ठेवली की ८ कमी पडते.

प्रोसेसर सहा कोअरचा रायझन ५ किंवा आय५ पुरे. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. तुम्ही कार्ड लावणारच आहात, तेव्हा स्वस्त मिळाला तर बिनधास्त घ्या. लिक्विड कूलरवर काट मारा, साधा एअर कूलर चालतो.

मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच ठरवा. रायझनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाला डीडीआर४ प्रकारची रॅम लागते, नव्या एएम५ला फक्त डीडीआर५. खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. रॅम १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर ३२००ची डीडीआर४ गुपचूप २१३३ किंवा २४००वर चालत राहते आणि पत्ताही लागत नाही.

आता पॉवर सप्लाय. इथे चिंधीगिरी नको. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट सर्किट झालं तर युनिट वेळेत बंद पडेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्या मॉडेलचा उघडून तपासलेला रिव्ह्यू वाचा. सेकंड हँड कार्ड समोर चालवून बघून मी घेईन, सेकंड हँड पॉवर सप्लाय कधीच नाही. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, असेल तर जुन्या युनिटच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची रचना वेगळी असू शकते आणि एसएसडी जागेवर जळू शकते.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काच राहू द्या.

मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते तुम्ही लिहिलं नाहीत. ६०चाच असेल तर कार्ड आणखी एक पायरी खालचं चालेल.