साक्षीला उभं राहण्याआधी

प्रिय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टरच्या निष्काळजीपणाच्या दाव्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मत द्यायला वकिलांकडून फाइल आल्याचं कळवलंस आणि ‘माझी पात्रता पुरेल ना?’ असं विचारलंस. तुझ्या पदव्यांची मला काळजी नाही. मला वेगळंच विचारायचंय: ही घटना घडली त्या काळात तू स्वतः कॅज्युअल्टीत ड्यूटी करत होतीस का? उलटतपासणीत पहिला घाव इथेच बसतो. फ्लोरिडाच्या कायद्यात तर हे लिहूनच ठेवलंय. रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातल्या उपचारांवरून डॉक्टरवर दावा असेल, तर साक्षीदाराला मागच्या ५ वर्षांत अशाच विभागातल्या कामाचा भरीव अनुभव हवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात, फौजदारी तक्रारीच्या तपासासाठी, शक्यतो त्याच शाखेतल्या सरकारी डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यायला सांगितलं.

एवढा आग्रह का, ते तुझ्यासमोरच्या केसमध्येच दिसेल. छातीत आणि पाठीत दुखतंय म्हणून रुग्ण आला, ईसीजी ठीक निघाला, घरी सोडला आणि नंतर महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटून तो दगावल्याचं कळलं. हृदयशल्यचिकित्सक सांगेल, ‘लक्षणं स्पष्ट होती.’ त्याला ती स्पष्ट दिसणारच! त्याच्याकडे रुग्ण येतो तो बहुधा सीटीचा रिपोर्ट हातात घेऊन. कॅज्युअल्टीत मात्र त्याच तक्रारीचे लोक एकामागून एक येतात: कुणाला पित्त, कुणाचा स्नायू आखडलेला, कुणी घाबरलेला, आणि क्वचित एखादा असा. शल्यचिकित्सकाचं ज्ञान तुझ्याहून जास्त असेल, पण ही निवड करायची वेळ त्याच्यावर येत नाही. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम निकालापासून मोजमाप आहे ते त्या शाखेतल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरचं. सर्वोत्तम डॉक्टरने काय केलं असतं, हा प्रश्नच नाही.

याचा अर्थ सहकाऱ्याला पाठीशी घालायचं असा मुळीच नाही. छातीत दुखणारा रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत त्याचा ईसीजी व्हायला हवा आणि तो तासाभराने झाला असेल, तर तसं स्वच्छ लिही. दुखणं सुरू होऊन तासही झाला नसताना केलेला एकच ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का, हे सांगणारी रक्तचाचणी) नॉर्मल आला आणि तेवढ्यावर रुग्णाला सोडलं, तर तेही लिही. ‘आमच्याकडे सगळे असंच करतात’ हे पुरत नाही. मत तर्काला टिकलं पाहिजे, असं १९९७ च्या बोलिथो निकालाने बजावलंय.

आता दुसरी मर्यादा. चूक झाली का आणि त्या चुकीमुळेच नुकसान झालं का, हे दोन प्रश्न आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाला ओळखायला उशीर झाला का, हे तू ठामपणे सांगू शकशील. वेळेत औषध मिळालं असतं तर त्याचा हात किती सुधारला असता, हे मज्जाविकारतज्ज्ञाला सांगू दे. ब्रिटनमध्ये एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने १९९९ मध्ये स्वतःच्या दोन अर्भकांच्या खुनाचा आरोप असलेल्या एका आईच्या खटल्यात, एका घरात दोन अर्भकांचा नैसर्गिक कारणाने अचानक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे, असं सांगितलं. बालरोगात त्यांचा दबदबा होता, पण हा आकडा संख्याशास्त्राचा होता आणि चुकीचा होता. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, तोवर ती बाई तीन वर्षांहून जास्त तुरुंगात होती. ‘हे माझ्या विषयात येत नाही’ असं कोर्टात म्हणायला लाजू नकोस. वकिलाला आवडणार नाही, न्यायाधीशाला आवडेल.

मानधनाचं थोडक्यात: कामाच्या वेळेचं घे, निकालावर अवलंबून असलेलं घेऊ नकोस. आणि लिहिताना मनाशी विचार, दुसऱ्या बाजूने बोलावलं असतं तरी हाच अहवाल दिला असता का?

फाइल अजून उघडली नसशील तर वकिलांना ती दोन भागांत पाठवायला सांग. पहिल्या भागात रुग्ण आल्यापासून घरी सोडेपर्यंतचे कागद: ट्रायाजची (आल्याआल्या तातडी ठरवल्याची) नोंद, नर्सच्या नोंदी, ईसीजीवर छापलेली वेळ, लॅबचा रिपोर्ट प्रत्यक्ष कधी हातात आला ती वेळ. पुष्कळदा डॉक्टरच्या आणि नर्सच्या नोंदीतल्या वेळा जुळत नाहीत. तिथे खूण कर. तेवढं वाचून तुझं मत तारीख-वेळ घालून लिही. मगच दुसरा भाग, म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल, उघड. नंतर मत बदललं तर का बदललं, तेही अहवालात येऊ दे. मसुदा तयार झाला की आधी वकिलांना पाठव. मला दाखवायचा असेल तर त्यांच्या परवानगीने, रुग्णाचं नाव काढून.

तुझा,
सर