वकीलपत्र घेण्याआधी

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं, नीट वाचलं. आशियातल्या धार्मिक अल्पसंख्याकांच्या कायदेशीर हक्कांवर काम करायचंय, तर दिल्ली गाठू की बाहेर जाऊन एलएलएम करू, असं तू विचारतेस. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस: दोन गटांतल्या दगडफेकीच्या केसमध्ये पकडलेल्या पोराची आई नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मुस्लिम वस्तीतून तुझ्याकडे आली, पण बार रूममधल्या दोघा-तिघांनी "कशाला नादी लागतेस" म्हटलं, तेव्हापासून कोरं वकीलपत्र तुझ्या बॅगेतच आहे. माझ्या मते तुझा खरा प्रश्न हा आहे. एलएलएमचं मागाहून पाहू.

वकीलपत्र घे. आधीच सांगून टाकते, म्हणजे या पत्रातलं पुढचं तू उत्तर शोधत वाचणार नाहीस.

त्या पोराने दगड मारला की नाही, हे तुला ठाऊक नाही, मला नाही आणि बार रूममध्ये बोलणाऱ्यांनाही नाही. ते ठरवायला कोर्ट आहे. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील करता येईल, हे घटनेच्या कलम 22(1) मध्ये लिहिलेलं आहे. अमक्याची केस कोणी घ्यायची नाही, असा बार असोसिएशनचा ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू सरकार या निकालात सांगितलं. तो निकाल मुळातून वाच. त्यात कोइमतूरच्या वकिलांनी बहिष्कार टाकला होता पोलिसांवर. म्हणजे ज्यांच्यावर वकिलांचा राग होता त्यांनाही वकील मिळालाच पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. बार रूममध्ये पुन्हा विषय निघाला तर हाच निकाल पुढे कर, भांडू नकोस.

आता तुझ्या आशियाकडे येते, कारण तिथे जे चाललंय त्याची सुरुवात अशाच एका बार रूममधून होते, असं मला वाचून वाचून वाटायला लागलंय.

पाकिस्तानातल्या मुलतानमध्ये जुनैद हफीज नावाचा इंग्रजीचा तरुण प्राध्यापक 2013 मध्ये धर्मनिंदेच्या आरोपाखाली पकडला गेला. त्याची केस कोणी घेईना. राशिद रहमान यांनी घेतली. ते पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाचं काम पाहायचे. एप्रिल 2014 मध्ये तुरुंगातल्या सुनावणीत, न्यायाधीशांच्या समोर, त्यांना सांगण्यात आलं की पुढच्या तारखेला तुम्ही नसाल. 7 मे 2014 ला त्यांच्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. हफीजला डिसेंबर 2019 मध्ये फाशीची शिक्षा झाली.

त्याआधीचं आसिया बीबीचं प्रकरण तू वाचलंच असशील. शेतात मजुरी करणारी ख्रिस्ती बाई, पाण्यावरून बायकांशी बाचाबाची झाली, 2009 मध्ये धर्मनिंदेसाठी अटक, 2010 मध्ये फाशीची शिक्षा. तिच्या बाजूने बोलले म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना 4 जानेवारी 2011 रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं, आणि दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. तासीर यांचा मारेकरी कोर्टात आणला तेव्हा त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या कोणी उधळल्या? काळे कोट घातलेल्या वकिलांनी. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त तेच छळतं. आपल्यासारखंच शिकलेली, पुराव्याचा कायदा पाठ असलेली माणसं. 31 ऑक्टोबर 2018 ला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने आसिया बीबीला निर्दोष सोडलं, तेव्हा तिच्या वकिलाला, सैफुल मलूक यांना, जीव वाचवायला देश सोडावा लागला.

आणि हे कायदे आपल्याला परके नाहीत. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295-अ हे कलम इंग्रजांनी 1927 मध्ये अखंड हिंदुस्थानच्या दंडसंहितेत घातलं. आज आपल्याकडे ते भारतीय न्याय संहितेत 299 या आकड्याने बसलंय. त्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने केलेलं कृत्य लागतं, आणि तो उद्देश फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचा असतो. लष्करशहा झिया उल हक यांच्या काळात पाकिस्तानच्या संहितेत 1982 मध्ये कुराणाच्या विटंबनेचं 295-ब आणि 1986 मध्ये पैगंबरांच्या निंदेचं 295-क आलं. 295-क मध्ये उद्देशाची अटच नाही. 1990 मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही काढून टाकला. कुणाशी वैर असेल तर एक तोंडी आरोप पुरतो. म्हणून धर्माचं नाव असलेला कुठलाही एफआयआर किंवा कायदा हातात आला की मी आधी दोनच गोष्टी शोधते: उद्देश सिद्ध करावा लागतो का, आणि कोणी करायचा. उत्तर प्रदेशचा 2021 चा धर्मांतरविरोधी कायदा उघडून बघ. धर्मांतर जबरदस्तीने झालेलं नाही हे दाखवायचा भार त्यात आरोपीवर टाकलाय. जे नाही झालं ते सिद्ध कर म्हणायचं, याइतकी अवघड गोष्ट कोर्टात दुसरी नाही.

या धर्मांतरविरोधी कायद्यांची एक मुळी आपल्याच गावातून निघते, हे नागपूरच्या पोरांना कोणी सांगत नाही. 1954 मध्ये नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारने नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. अहवाल 1956 मध्ये इथल्याच सरकारी छापखान्यात छापला गेला. पुढे 1968 मध्ये मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य अधिनियम आला, 1977 मध्ये स्टॅनिस्लाउस निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आणि त्याच 1956 च्या 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षाभूमीवर धर्म बदलला. नियोगी स्वतःही त्या वेळी बौद्ध झाले. एका शहरात, एका वर्षात, धर्मांतराकडे संशयाने पाहणारा अहवालही आला आणि देशातलं सर्वांत मोठं धर्मांतरही झालं. मला तरी आपल्या शहराची यापेक्षा मोठी ओळख सांगता येत नाही.

त्या धर्मांतराची किंमत लोकांनी कागदावर मोजली. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात तिसरा परिच्छेद होता: हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. 1956 मध्ये शिखांना त्यात घेतलं, बौद्धांना घ्यायला 1990 उजाडलं. इंदोऱ्यातल्या, पाचपावलीतल्या म्हाताऱ्यांना विचार, केंद्राच्या नोकरीचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावर घराघरांत काय चर्चा व्हायच्या ते. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजूनही त्या परिच्छेदाबाहेरच आहेत.

कागद मी पुन्हा पुन्हा म्हणतेय, त्याला कारण आहे. म्यानमारमधल्या रोहिंग्या मुसलमानांची गावं 2017 च्या ऑगस्टमध्ये जळाली आणि सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली, ते जगाने टीव्हीवर पाहिलं. पण 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच बाहेर ठेवलं होतं, आणि 2015 मध्ये त्यांच्याकडची पांढरी ओळखपत्रं रद्द करून मतही काढून घेतलं होतं. बांगलादेशात हिंदूंच्या जमिनी गेल्या त्या 1965 च्या शत्रू संपत्ती कायद्याने. देश स्वतंत्र झाल्यावरही 1974 मध्ये तोच कायदा वेगळ्या नावाने चालू राहिला, आणि परत करण्याचा कायदा यायला 2001 लागलं. तलाठ्याच्या दप्तरासारख्या ठिकाणी, एकेका फेरफाराच्या नोंदीत, भाऊ कलकत्त्याला गेला म्हणून उरलेल्याचाही हिस्सा उडवला गेला. चीनने 2007 मध्ये तिबेटी लामांचा पुनर्जन्म कोणता मानायचा यालाही सरकारी मंजुरी लागेल असा आदेश काढला. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येणारे तिबेटी बघतेस ना, त्यांच्याशी कधी या विषयावर बोल.

आणि जरीपटक्यात जा. तिथे सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं आहेत, कित्येक जण वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेले. तिकडे ते अल्पसंख्याक होते. नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना वाट मिळाली, त्यानंतर आलेला माणूस मात्र अजून खेटे घालतो. त्यांची केस आली तर तीही घे, तितक्याच जोमाने. लाहोरच्या अहमदियासाठी, बांगलादेशातल्या रामूच्या बौद्धांसाठी, सिंधच्या हिंदूसाठी जे तुला अन्याय वाटतं, ते मोमिनपुऱ्यातल्या बाईसाठीही वाटलं पाहिजे, आणि उलटही. बाजू बघून माप बदलणारा वकील कोर्टाला लगेच ओळखू येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये चितगावला एका हिंदू संन्याशाच्या अटकेनंतर कोर्टाच्या आवाराबाहेर सैफुल इस्लाम अलिफ या तरुण मुस्लिम वकिलाला मारलं गेलं. पुढच्या तारखेला, 3 डिसेंबरला, त्या संन्याशाच्या बाजूने उभा राहायला एकही वकील आला नाही. मेलेल्या वकिलाचं दुःख खरं होतं. तरीही दुसऱ्या माणसाला वकिलाशिवाय ठेवून ते भरून निघणार नव्हतं.

तुला वाटेल, मॅडम, हे सगळं पाकिस्तान-म्यानमारचं, आपल्याकडे असं नाही. आपल्याकडे कोर्टं चालतात, हे मी मानते, त्याच भरवशावर मी इतकी वर्षं काळा कोट घालते. पण ती आपोआप चालत नाहीत. मार्च 2025 आठव. 17 तारखेला महालमध्ये दंगल झाली, 24 तारखेला सकाळी मुख्य आरोपीचं घर पाडलं. त्याच दिवशी नागपूर खंडपीठाने पाडकामाला स्थगिती दिली, मालकाला ऐकून न घेता केलेल्या या कारवाईवर ताशेरे ओढले. एक घर तोवर जमीनदोस्त झालं होतं, दुसऱ्याचं पाडकाम स्थगितीमुळे थांबलं. नंतर महापालिका आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली. अशा पाडकामाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आपल्याला माहिती नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल, चार महिने जुना!

तो निकाल तुला तोंडपाठ पाहिजे. नोटीस रजिस्टर पोस्टाने मालकाला गेली पाहिजे, शिवाय घरावर डकवली पाहिजे. मिळाल्यापासून पंधरा दिवस. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल, म्हणजे मागची तारीख टाकता येत नाही. प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस, पाडताना व्हिडिओ. नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइन, नदी-तलावावरच्या अतिक्रमणाला आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेल्या बांधकामाला हे संरक्षण नाही, तेही माहीत असू दे, नाहीतर भरकोर्टात तोंडघशी पडशील. स्थगितीचा अर्ज दुपारच्या आत मेंशन झाला, म्हणजे तातडीने कोर्टापुढे मांडला गेला, तरच उपयोग. संध्याकाळपर्यंत वीट उरत नाही.

आता त्या आईचं. तिला पुन्हा बोलाव आणि घरातले सगळे कागद आणायला सांग. प्लास्टिकच्या पिशवीत येतील, घडीवर फाटलेले. आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड आणि पोराचा उर्दू शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेव आणि नावं जुळतात का बघ. एकात शेख आधी, एकात शेवटी, बापाच्या नावातला एक कानामात्रा गायब, असं हमखास निघतं. आसामात 2019 च्या नागरिक नोंदणीतून 19 लाखांवर लोक बाहेर राहिले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यातल्या कित्येकांची अडचण अशीच नावाच्या अक्षरांची होती. जामीन झाला तरी जामीनदाराच्या कागदावर हेच आडवं येईल, म्हणून प्रतिज्ञापत्र आताच करून ठेव.

मग अटकेचे कागद. अटकेची कारणं पोराला लेखी दिली का, त्याला कळणाऱ्या भाषेत दिली का? नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत असं सांगितलं. दिली नसतील तर पहिला मुद्दा तोच. रिमांडच्या आदेशाची नक्कल त्याच दिवशी अर्ज करून घे. आरोपपत्र दाखल करायची मुदत साठ दिवस की नव्वद ते कलमं बघून ठरव आणि ती तारीख डायरीत आजच लाल शाईने लिही. तिच्याकडून भाषणाची अपेक्षा करू नकोस आणि तिला भाषण देऊ नकोस. पोरगा कधी सुटेल एवढंच ती विचारेल. माहीत असेल तेवढंच सांग.

भीती वाटते असं तू लिहिलं नाहीस, पण वाटत असणार. घरच्यांना खरं सांग, कोणती केस आहे ते. मोबाइलवर कोणी धमकी दिली तर ती पुसू नकोस, लेखी तक्रार दे आणि पोचपावती घे. सोशल मीडियावर या केसबद्दल एक अक्षर लिहू नकोस, जिंकलीस तरी.

एलएलएम कर, अवश्य कर, पण दोन-तीन वर्षं इथली रिमांड कोर्टं बघून. जिनिव्हाच्या मानवी हक्कांच्या अहवालात जे एका ओळीत येतं ते सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत दिवसभर बाकावर बसलेलं असतं.

वकीलपत्रावर सही घेशील तेव्हा खाली माझ्यासाठी जागा सोड. मीही सही करते. बार रूममध्ये कोणी विचारलं तर माझं नाव सांग.

तुझी,
मॅडम