मोटर नंतर, हाताने आधी

भावा, पंख हलवणारी यांत्रिक पाखरं करतोयस, तर मोटर आणायची घाई करू नकोस. आधी पुठ्ठ्याचा कॅम, म्हणजे फिरताना दांडा ढकलणारी वेड्यावाकड्या कडेची चकती, कापून हाताने फिरव. हाताला जिथे अडखळतं, तिथे मोटरही अडखळणार. मग १२ व्होल्टची गिअर मोटर घे, मिनिटाला १० फेऱ्यांची. मी पहिल्यांदा ६० ची लावली, पाखरं उडायच्या ऐवजी पिसाळलीच! पंख वर जाताना मोटर कण्हत असेल तर मोठी मोटर नको, पंखाच्या दुसऱ्या टोकाला नट बांधून तोल साध.

ओळखीच्या कारखान्यात यंत्रमाग तासभर बघ. धोट्याला (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याला) फटका मारणारा दांडा कॅमच हलवतो. मोडीतल्या मागाचे बेअरिंग भंगारात मिळाले तर सोडू नकोस.

आणि पीएलए प्लास्टिकचे, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले गिअर पत्र्याखाली ठेवू नकोस. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतात, अन् सोलापूरचा मे महिना तुला माहीतच आहे.