२६ टक्के, पण कशाचे?

प्रश्न : रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या तर हृदय सुरक्षित राहते, असे माझ्या आईला नव्वदच्या दशकात सांगण्यात आले होते. आता माझ्या वेळी मात्र त्याच गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, असे वाचनात आले. दोन्ही गोष्टी संशोधनाच्याच नावाने सांगितल्या जातात, तर विश्वास कशावर ठेवावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही विधानांमागे खरेखुरे अभ्यास आहेत, फरक आहे तो त्यांच्या रचनेत. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळला खरा, परंतु गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्या स्त्रिया आणि त्यांचे डॉक्टरच ठरवत होते. स्वतःहून असे उपचार घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असतात; त्यामुळे गुण गोळीचा की राहणीचा, हे आकडेमोडीत कितीही दुरुस्त्या केल्या तरी पुरते वेगळे काढता येत नाही.

याउलट, 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतील संशोधन प्रकल्पाच्या चाचणीत १६,६०८ स्त्रियांपैकी कोणाला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांची एकत्रित गोळी आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळणार, हे निव्वळ योगायोगावर सोपवले होते. हृदयविकार कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला, स्तनाचा कर्करोगही वाढला, आणि २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. कारण आणि परिणाम यांचा संबंध ठरवताना मी या पुराव्याला अधिक वजन देईन.

आता तुमचे २६ टक्के. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, तर खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. ही वाढ म्हणजेच साधारण २६ टक्के. आठ हा आकडा क्षुल्लक नाही, पण मथळ्याला तो पुरत नाही, म्हणून टक्केवारी छापली जाते.

शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीत अंगातून वाफा येतात म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देणाऱ्या, याच प्रकल्पातील दुसऱ्या चाचणीत तर स्तनाचा कर्करोग वाढल्याचे आढळलेच नाही. तेव्हा गोळी कोणती आणि कोणत्या वयात दिली, हे ज्या बातमीत नाही, तिच्यावरून निर्णय घेऊ नका. स्वतःचे वय, गर्भाशयाची स्थिती आणि घराण्यातील कर्करोगाचा इतिहास सांगून स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.