उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यात कायम घोळ होतो आणि लक्षणा-व्यंजना तर डोक्यावरूनच जाते, कोणी सोपं करून सांगेल का?

आधी ती अलंकारांची यादी पाठ करणं सोडा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच सांगितले होते, उपमा, रूपक, दीपक, यमक, मग पुढच्या पंडितांनी ते वाढवत वाढवत शंभराच्या वर नेले, म्हणजे घोकून हे कधी संपणारच नाही. बघायचं एवढंच की उपमेय (ज्याच्याबद्दल बोलतोय ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करतोय ते) यांच्यात अंतर किती उरलंय.

संध्याकाळचं दादर स्टेशन घ्या. गर्दी समुद्रासारखी उसळलीय, ही उपमा, दोघं अजून वेगळे आहेत. गर्दी म्हणजे जणू समुद्रच, ही उत्प्रेक्षा, तसा भास होतोय. गर्दीच्या समुद्रात बुडालो, झालं रूपक, आता त्यांना वेगळं काढूनच दाखवा. ही गर्दी नाहीच हो, समुद्र आहे, अपन्हुती, उपमेयच उडवून लावलं. आणि या गर्दीपुढे समुद्र काहीच नाही म्हणालात की व्यतिरेक.

क्लासवाले 'सारखा दिसला की उपमा' अशी ट्रिक देतात ती मला अजिबात पटत नाही. माझी छत्री तुझ्या छत्रीसारखी आहे, यात उपमा कुठेय? दोन्ही छत्र्याच की. गोष्टी दोन वेगळ्या जातीच्या हव्यात आणि त्यांच्यात एखादा गुण समान हवा, त्यालाच साधारण धर्म म्हणतात.

यमक, अनुप्रास कानालाच कळतात, त्यात वेळ घालवू नका.

शब्दशक्ती (शब्द अर्थ कसा पोचवतो त्या तऱ्हा) मात्र लोकलमध्ये जितक्या चांगल्या कळतात तितक्या पुस्तकात नाही. 'विरार भरून आली' म्हणतो तेव्हा काय अख्खं गाव प्लॅटफॉर्मवर येतं? सरळ अर्थ बसत नाही म्हणून त्याला चिकटलेला अर्थ, विरारला जाणारी गाडी, आपण घेतो, ही लक्षणा. आता दारापाशी उभे आहात आणि मागून कोणीतरी खांद्यावर बोट टोचून विचारतो, "दादर?" इथे सरळ अर्थ कुठेही अडत नाही, दादर म्हणजे दादरच, पण त्याच्या आडून अजून एक ऐकू येतं की उतरायचं नसेल तर बाजूला व्हा. ही व्यंजना. ती सगळी प्रसंगावर असते बरं का, हेच "दादर?" तिकीट खिडकीवरच्या माणसाने विचारलं तर नुसती अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), पैसे काढा आणि तिकीट घ्या.