वाचकांचे प्रश्न: घोडा कुणाचा, पाणी कुठलं?

गेल्या अंकात बिरशेबाच्या हल्ल्यावरच्या 1987 च्या ऑस्ट्रेलियन युद्धपटाचा परिचय दिला होता. 31 ऑक्टोबर 1917 रोजी पॅलेस्टाइनमधल्या बिरशेबा गावच्या विहिरी ताब्यात घेण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या स्वयंसेवक घोडेस्वारांनी तुर्कांच्या खंदकांवर थेट घोडे घातले, तो हा हल्ला. त्यावर आलेल्या पत्रांत घोड्यांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त निघाले. कोल्हापूरकरांकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

प्रश्न: घोडदळ म्हणायचं आणि एकाच्याही हातात तलवार नाही. सगळे संगीन उगारून धावतात. हे दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालं का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

नाही, तसंच घडलं होतं. ‘लाइट हॉर्स’, म्हणजे हे ऑस्ट्रेलियन स्वार, रूढ अर्थाने घोडदळ नव्हतंच. घोड्यावरून झटपट जागेवर पोचायचं, उतरायचं आणि पायदळासारखं रायफलने लढायचं, ही त्यांची रीत. चौघांची एक तुकडी असे. लढाईला तोंड लागलं की एकजण चारही घोडे धरून मागे थांबायचा आणि तिघे पुढे जायचे. म्हणजे कागदावर 400 माणसं असली तर गोळी झाडायला 300 च. चित्रपटात घोडे धरणारा हा चौथा गडी दिसतो का ते जरूर बघा. पुष्कळ युद्धपटांत माणसं उतरतात आणि घोडे हवेत विरून जातात.

तलवारी त्यांना दिलेल्याच नव्हत्या. रायफल पाठीला आणि साधारण 17 इंच पात्याची संगीन हातात, अशी चौथी आणि बारावी रेजिमेंट निघाली. दोन्ही मिळून सुमारे 800 स्वार. वेळ दुपारी साडेचारची, सूर्य कलायला लागलेला, समोर सहाएक किलोमीटर उघडं मैदान. आधी चाल, मग दुडकी, मग चौखूर. स्वारास्वारांत चार-पाच मीटरची मोकळी जागा आणि एकामागे एक अशा रांगा. जवळच ब्रिटिशांची तलवारधारी घोडदळाची ब्रिगेडही होती. पण ग्रँट यांची ऑस्ट्रेलियन ब्रिगेड खंदकांच्या जास्त जवळ होती आणि उजेड तासाभराचाच उरला होता. म्हणून तिथल्या साऱ्या स्वारांचे सेनापती जनरल शोव्हेल यांनी ग्रँटना पुढे घातलं.

एवढं होऊन 31 माणसं मेली आणि 36 जखमी झाली. घोडे मात्र 70 च्या आसपास गेले. नुकसान इतकं कमी का, याचं उत्तर निव्वळ शौर्यात शोधू नका. खंदकांपुढे काटेरी तार नव्हती. घोडतोफखान्याने बाजूच्या मशीनगन वेळेत गप्प केल्या. आणि तुर्क शिपायांना वाटलं, हे नेहमीसारखे वाटेत उतरतील. लांबच्या पल्ल्याला लावलेली बंदुकीची माशी (नेम धरायची खूण) खाली आणायची राहून गेली. चौखूर घोडा दीड किलोमीटर अडीच मिनिटांत कापतो. माशी दीड हजारावर आणि स्वार तीनशे मीटरवर, तर गोळी डोक्यावरून कितीतरी उंच जाते. चित्रपटात माशीची पट्टी सरकवण्याचा तपशील येतो तेव्हा पापणी लववू नका, सगळी लढाई तिथे आहे.

1918 मध्ये या ऑस्ट्रेलियन स्वारांच्या डिव्हिजनला तलवारी मिळाल्या. म्हणून बिरशेबाच्या प्रसंगात तलवार दिसली तर ती चूक समजावी.

प्रश्न: स्वयंसेवक होते, म्हणजे घोडा घरून आणायचा का? आपल्याकडच्या शिलेदारासारखं? (कागल)

अर्धं तसं, अर्धं नाही. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं, बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून. ऑस्ट्रेलियात स्वतःचा घोडा घेऊन भरती व्हायची मुभा होती. पण घोडा तपासणीत पास झाला की सरकार तो विकत घेई. अंगावर सरकारी बाणाची डागणी, खरेदी अधिकाऱ्याची आद्याक्षरं आणि एका खुरावर नंबर. थोडक्यात, शिलेदार म्हणून आला आणि दारातच बारगीर झाला. खुरावरचा नंबर पडद्यावर दाखवला असेल तर कलाविभागाला पैकीच्या पैकी गुण द्या.

माणसं मात्र शेवटपर्यंत स्वयंसेवकच. परदेशी लढाईला सक्तीने पाठवावं का, यावर ऑस्ट्रेलियात 1916 आणि 1917 मध्ये दोनदा सार्वमत झालं आणि लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

‘शिलेदार’ शब्दावरूनच इंग्रजांच्या हिंदी फौजेतली ‘सिलादार’ पद्धत आली. स्वार ठरलेली रक्कम भरून रिसाल्यात येई आणि घोडा, खोगीर, कपडे त्यातून उभे राहत. पहिल्या महायुद्धात ती कोलमडली. घरापासून हजारो मैलांवर घोडा मेला तर स्वाराने दुसरा आणायचा कुठून?

प्रश्न: एका विहिरीसाठी एवढा आटापिटा पटत नाही. पाणी मागून आणता आलं नसतं? (राजारामपुरी)

हिशेब मांडून बघा. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी लागतं, कधी त्याहून जास्त. 800 घोड्यांचे 30 हजार लिटर झाले, आणि हे फक्त दोन रेजिमेंटचं. मागे आख्खा कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांचं दळ होतं. रात्रभर वाळवंट तुडवून आलेल्या काही घोड्यांना दीड-दोन दिवस पाणी मिळालेलं नव्हतं. घोड्यावरचं ओझं सुमारे 130 किलो: स्वार, खोगीर, रायफल, काडतुसं, घोंगडी, तोबरा आणि चंदी. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. बिरशेबा त्या संध्याकाळी पडलं नसतं तर घोडे माघारी पाण्यावर न्यावे लागले असते आणि सगळी मोहीमच रखडली असती. तुर्कांनी विहिरींत सुरुंग पेरले होते. हल्ला इतका अचानक आला की बहुतेक उडवायचे राहिले.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: 25 घोड्यांमागे एक हवालदार, आणि त्याच 25 मागे एक पखालजी (पखालीने पाणी वाहणारा), एक नालबंद. लढणाऱ्याच्या बरोबरीने पाणी आणि नाल मोजणारा कारकून ज्याच्याकडे आहे, त्याला बिरशेबा समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न: टोपीवरचा तुरा कसला? (शाहूपुरी)

एमूच्या पिसांचा. विचारणाऱ्याला ‘कांगारूची पिसं’ म्हणून सांगायची त्यांच्यात चाल होती.

प्रश्न: हैफा जिंकणारे आपले स्वार याच दळातले का? (मंगळवार पेठ)

मोहीम तीच, दळ वेगळं. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफावर गेले ते जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांचे भालाईत. त्यांच्याकडे भाले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातला तिसरा पुतळा हैदराबादच्या भालाईताचा.

प्रश्न: आमचा ग्रुप मसाई पठारावर घोडदौडीचा एक प्रसंग चित्रित करणार आहे. 12 घोडे मिळतील. काय सांभाळावं? (पन्हाळा)

पहिलं, कागद. पडद्यावर प्राणी वापरायचा तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. सेन्सॉरला चित्रपट नेताना मंडळाचा ना-हरकत दाखलाही लागतो. मालकाचं संमतिपत्र, पशुवैद्याचा दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी आधीच करून ठेवा. पठाराची जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घ्या, आणि फुलांचा हंगाम टाळा.

दुसरं, जमीन. मसाईचा कातळ जांभ्याचा. वरून सपाट दिसतो, पण गवताखाली खळगे असतात आणि पावसानंतर शेवाळावर गुळगुळीत नाल घसरतो. धावपट्टी आदल्या दिवशी दोघांनी पायी तपासा, खळग्यांशेजारी चुन्याची खूण करा. 250 मीटर दौड हवी असेल तर पुढे आणखी 150 मीटर मोकळी ठेवा. ‘कट’ म्हटल्यावर नट थांबतो, घोडा थांबत नाही. नेमकी हीच जागा सगळे विसरतात आणि तिथेच जनरेटरची गाडी उभी करतात.

घोडे निवडताना लग्नातली घोडी बघायला जाल. ती हलगी, बँड, फटाके सगळं सोसते. पण ती एकटी आणि संथ चालीने चालायला शिकलेली असते. शेजारी घोडा चौखूर सुटला की एक तर अडून बसते, नाहीतर उधळते. चार दिवस आधी जोडीने, मग चौघांत, मग आठात असं दुडकीवर फिरवा. माजावर आलेली घोडी आणि अंडील (खच्ची न केलेले) घोडे एका रांगेत नकोत. स्वार हलका घ्या: साडेतीनशे किलोच्या घोड्यावर खोगिरासकट 70 किलोच्या वर जाऊ नये. तालमीतला गडी कितीही देखणा असला तरी त्याला पायदळात घ्या.

12 चे 60 करायचे तर चार-चारच्या तीन रांगा करा, घोड्याघोड्यात चार मीटर, रांगांत दहा. समोरून लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलं की रांगा एकमेकींना चिकटतात आणि दाटी दिसते. पुढच्या फेरीत रांगा बदला, पांढऱ्या पायाचा किंवा कपाळावर टिळ्याचा घोडा मागे घाला. प्रेक्षक तोच ओळखतो. धुळीसाठी मुलतानी माती चाळून वापरा, सिमेंट किंवा दगडाची भुकटी नको, ती घोड्याच्या फुफ्फुसात बसते. एका घोड्याच्या सकाळी तीन-चार दौडी, मध्ये दहा मिनिटं हातात धरून चालवणं. धापा टाकणाऱ्या घोड्यापुढे बादली ठेवून निघून जाऊ नका, थोडं थोडं पाणी देत फिरवा. तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, प्रत्येक दौडीआधी तपासा. घोडा घामेजला की तो सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट पोटाखाली फिरतं.

तार लावून घोडा पाडण्याचा विचार मनातही आणू नका. 1936 च्या एका हॉलिवूडपटात अशा तारांनी पाडलेले कितीतरी घोडे मेले आणि पुढे तिकडे त्यावर बंदी आली. पडणारा स्वार वेगळा घ्या, थांबलेल्या घोड्यावरून गादीवर; घोड्याचं कोसळणं संकलकावर सोडा.

शेवटचं: प्रसंग ऑस्ट्रेलियनांचा असेल तर काठेवाडी किंवा मारवाडी घोड्याचे कान जवळून दाखवू नका. त्यांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘वेलर’ घोड्याचे कान सरळ असतात. खरे वेलर युद्धानंतर मायदेशी गेलेच नाहीत. लाखावर घोड्यांतला ‘सँडी’ नावाचा एकच परतला. म्हातारे गोळी घालून मारले, आणि विकलेल्या हजारो घोड्यांतले बहुतेक हिंदुस्थानातल्या फौजेकडे आले. नालबंद मात्र सेटवर दिवसभर हवा, जादा नाल आणि खिळ्यांसकट. 12 घोड्यांना एक पुरतो.