एलिमेंटर नुसतंच फिरत राहतं, एडिटर उघडत नाही, काय करू?

भाऊ, तू म्हणतो की बर्डीच्या दुकानाची साइट बाहेरून बरोबर दिसते, फक्त एलिमेंटरचं (वर्डप्रेसमध्ये पानं बनवायचं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेलं सॉफ्टवेअर) 'एडिट विथ एलिमेंटर' बटण दाबलं की ते राखाडी लोडिंग फिरतच राहते, तर घाबरू नको, पानं कुठं गेली नाहीत, सगळं डेटाबेसमध्ये सुरक्षित आहे. आणि प्लगइन डिलीट तर बिलकुल करू नको.

आधी क्रोममध्ये एफ12 दाबून कन्सोल उघड अन् लाल ओळी वाच, अर्धं उत्तर तिथंच भेटते. 'मिक्स्ड कंटेंट' लिहून येत असेल तर वर्डप्रेसच्या सेटिंग्ज, जनरलमध्ये जा, तिथं दोन पत्ते असतात, वर्डप्रेस अ‍ॅड्रेस आणि साइट अ‍ॅड्रेस, दोन्ही एचटीटीपीएसनेच सुरू व्हायला पाहिजे. एसएसएल (साइट एचटीटीपीएसवर चालवणारं सुरक्षा प्रमाणपत्र) नंतर बसवलं की हे हमखास राहून जाते, आणि एलिमेंटर तुझंच पान आतल्या चौकटीत उघडते ना, पत्ता एचटीटीपीचा असला की ब्राउझर ते अडवून टाकते.

कन्सोलमध्ये 500 चा एरर (म्हणजे सर्व्हरकडची गडबड) असेल तर बहुतेक मेमरी कमी पडून राहिली, होस्टिंगवाल्याला पीएचपी मेमरी लिमिट 256 एमबी करून मागा, चॅटवर सांगितलं तरी करून देतात.

दोन्ही नसेल तर मग प्लगइनची भांडणं. एलिमेंटरचा सेफ मोड चालू करून पाहा, त्यात उघडलं म्हणजे दोष थीमचा नाहीतर दुसऱ्या प्लगइनचा, माझा पहिला संशय कॅश प्लगइनवर (साइट लवकर उघडावी म्हणून पानांची प्रत साठवून ठेवते ते). एकेक बंद करत जा, पण बॅकअप घेऊनच, आणि दुकानाची गर्दी नसते त्या वेळेला.

तरी नाही झालं तर कन्सोलमधली लाल ओळ जशीच्या तशी इथं टाक, पाहतो.